परसबागेतील पाणी : वाफशाचा हिशेब

१. प्रश्नाचे स्वरूप

घरामागे भाजीचे तीन-चार वाफे, मोरीच्या तोंडाशी केळी आणि अळू, कुंपणालगत शेवगा व कढीलिंब, असे परसबागेचे स्वरूप महाराष्ट्रातील बहुतेक सर्व भागांत परिचित आहे. ही बाग शोभेसाठी नसते. घरातील आहारात हिरव्या भाजीची जी काही भर पडते ती पुष्कळ कुटुंबांत येथूनच पडते. परंतु उन्हाळा लागला, विहिरीचे पाणी तळाला गेले आणि नळ एक दिवसाआड किंवा आठवड्याने येऊ लागला, की याच बागेविषयी एक प्रश्न उपस्थित होतो : माणसांनाच पाणी अपुरे असताना ते झाडांना घालणे योग्य आहे काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. त्या परिस्थितीत आपल्या अंगणातील वांग्याच्या झाडांस पाणी घालणाऱ्या गृहिणीच्या मनात हा प्रश्न आला नसेल असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर केवळ सद्‍भावनेने देता येत नाही, ते हिशेबाने द्यावे लागते. बागेस वास्तविक किती पाणी लागते, त्यापैकी किती झाडाच्या उपयोगी पडते, आणि उरलेले कोठे व का जाते, हे समजल्याशिवाय काटकसरीचा उपदेश निरर्थक होय. प्रस्तुत लेखात हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून निघणारे मुख्य सूत्र आरंभीच सांगणे सोयीचे होईल. ते असे की, परसबागेतील पाण्याचा अपव्यय प्रामुख्याने झाडांच्या गरजेमुळे होत नसून पाणी देण्याच्या सवयीमुळे होतो. आणि पाणी द्यावयाची वेळ घड्याळावरून न ठरविता जमिनीच्या ओलाव्यावरून ठरविली, तर हा अपव्यय पुष्कळ अंशी टळतो.

ही कल्पना अगदी नवी आहे असे मात्र नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद या अध्यायात लावलेल्या वृक्षांना पाणी कधी द्यावे याचा नियम सांगितला आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा, असा त्याचा आशय आहे. या नियमातील पहिले दोन भाग दिनदर्शिकेवर आधारलेले आहेत. तिसरा भाग मात्र जमिनीच्या अवस्थेवर आधारलेला आहे. आज मृदाशास्त्राचा जो विकास झाला आहे त्याच्या आधारे असे म्हणता येईल, की हा तिसरा भागच सर्व ऋतूंना लागू करावयास हवा.

२. हिशेबाचे एकक

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो आणि घरातील पाणी लिटरमध्ये, म्हणून या दोहोंचा संबंध सहसा लक्षात येत नाही. तो अत्यंत सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे एक लिटर पाणी. या एका समीकरणाने हवामानशास्त्रातील आकडे थेट घागरी-कळशींच्या भाषेत आणता येतात.

जमिनीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि पानांच्या रंध्रांतून होणारे बाष्पोत्सर्जन या दोहोंच्या बेरजेस येथे ‘जलव्यय’ म्हटले आहे. इंग्लंडमधील रोदॅम्स्टेड येथे संशोधन करणारे हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये सूर्यापासून मिळणारी ऊर्जा, हवेची शुष्कता आणि वारा यांवरून हा व्यय गणिताने काढण्याची रीत दिली. पुढे १९६५ मध्ये माँटीथ यांनी तीत पानांच्या रंध्रांच्या अवरोधाचा समावेश केला, आणि १९९८ मध्ये अन्न व कृषी संघटनेने या संयुक्त रीतीस प्रमाण मानले. या रीतीचे मर्म असे, की एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४५ दशलक्ष ज्यूल उष्णता लागते. ती जेथून मिळेल तेथूनच व्यय ठरतो. झाडाची ‘तहान’ हा शब्द आपण वापरतो खरा, पण ती तहान बव्हंशी सूर्य आणि वारा यांनी निर्माण केलेली असते.

दख्खनच्या पठारावर हा प्रमाण-व्यय डिसेंबर-जानेवारीत दिवसास सुमारे साडेतीन ते चार मिलिमीटर असतो, तर एप्रिल-मे महिन्यांत तो सहा ते आठ मिलिमीटरपर्यंत जातो. आता वीस चौरस मीटरची, म्हणजे पाच मीटर लांब व चार मीटर रुंद अशी एक बाग घेऊ. उन्हाळ्यातील व्यय सहा मिलिमीटर धरला, तर तिला दिवसास १२० लिटर पाणी लागेल. ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेत दर माणशी दिवसास ५५ लिटर हे प्रमाण ठरविण्यात आले. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर पाणी मिळते. म्हणजे एवढीशी बाग कुटुंबाच्या पाण्यापैकी दोन-पंचमांशांहून अधिक पाणी घेईल! आरंभीचा प्रश्न किती खरा आहे हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. हे १२० लिटर कमी कसे करता येतील, आणि जे उरतील ते पिण्याच्या पाण्याला धक्का न लावता कसे मिळवता येतील, हे आता पाहावयाचे आहे.

३. जमीन हाच हौद

पाणी साठविण्याचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे हौद, पिंप किंवा टाकी येते. परंतु बागेतील सर्वांत मोठा हौद म्हणजे बागेची माती हीच होय. जोराचा पाऊस पडून गेला किंवा वाफा भरपूर भिजविला, की मातीतील सर्व छिद्रे काही काळ पाण्याने भरतात. त्यांतील मोठ्या छिद्रांतील पाणी एक-दोन दिवसांत खाली निघून जाते व त्यांची जागा हवा घेते. लहान छिद्रांतील पाणी मात्र मातीच्या कणांना धरून राहते. या अवस्थेला आपला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. मृदाशास्त्रज्ञ जिला जमिनीची क्षेत्रीय जलधारणा म्हणतात ती अवस्था या वाफशाच्या अगदी जवळची आहे. फरक इतकाच, की शेतकऱ्याच्या शब्दात मुळांना लागणाऱ्या हवेचाही विचार आहे.

वाफशापासून पुढे मुळे पाणी ओढीत जातात, आणि उरलेले पाणी अधिकाधिक घट्ट धरलेले असल्याने ते ओढणे कठीण होत जाते. शेवटी अशी एक मर्यादा येते, की तिच्यापलीकडे झाड कोमेजले तर रात्रीही सावरत नाही. ब्रिग्ज आणि शान्ट्झ यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले, की ही मर्यादा वनस्पतीपरत्वे फारशी बदलत नाही, ती मुख्यत्वे मातीच्या प्रकारावर अवलंबून असते. वाफसा आणि ही म्लानीची मर्यादा यांच्यामधील पाणी तेवढेच झाडाच्या उपयोगाचे. रेताड व मुरमाड जमिनीत एक मीटर खोलीत असे पाणी साठ ते ऐंशी मिलिमीटर मावते. मध्यम काळ्या व पोयट्याच्या जमिनीत ते दीडशे मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे वीस चौरस मीटरच्या आपल्या बागेत, माती मीटरभर खोल असेल तर, तीन हजार लिटर उपयुक्त पाणी एकही वीट न रचता साठविता येते.

परंतु हौद भरलेला असला तरी दोर तळापर्यंत पोहोचावयास हवा. येथे मुळांच्या खोलीचा प्रश्न येतो. पालकाची मुळे साधारणतः तीस सेंटिमीटर खोल जातात. वांग्याची सत्तर सेंटिमीटर किंवा त्याहूनही खोल. शिवाय उपयुक्त पाणी सर्वच्या सर्व संपेपर्यंत थांबता येत नाही. पालकासारखी नाजूक भाजी त्यातील एक-पंचमांश संपताच वाढ मंदावते. वांगे मात्र ४५ टक्के संपेपर्यंत तग धरते. मध्यम काळ्या जमिनीचा हिशेब केला, तर पालकासाठी मुळांच्या थरातील ४५ मिलिमीटरपैकी ९ मिलिमीटर, आणि वांग्यासाठी १०५ मिलिमीटरपैकी सुमारे ४७ मिलिमीटर पाणी दोन पाण्यांच्या मध्ये वापरता येते. दिवसाचा व्यय सहा मिलिमीटर असेल, तर पालकास दीड दिवसात पाणी हवे. वांगे आठवडाभर निश्चिंत राहील. अशा दोन भाज्या एकाच वाफ्यात लावल्या, म्हणजे पालकाच्या तहानेने वांग्यास रोज पाणी मिळते व ते वाया जाते. तेव्हा काटकसरीची पहिली पायरी अशी, की उथळ मुळांच्या भाज्या एका वाफ्यात आणि खोल मुळांच्या दुसऱ्या वाफ्यात लावाव्यात. आणि कडक उन्हाळ्यात पालक-मेथीसारख्या भाज्यांचे क्षेत्र शक्य तितके आटोपशीर ठेवावे.

येथे शेणखताविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सेंद्रिय खताने जमिनीची जलधारणा अनेक पटींनी वाढते असे पुष्कळदा सांगितले जाते. मिनास्नी व मॅकब्रॅटनी यांनी २०१८ मध्ये जगभरातील मोजमापांचा आढावा घेऊन दाखविले, की मातीतील सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला असता उपयुक्त पाणी सरासरीने दर शंभर मिलिमीटर मातीमागे एक मिलिमीटरच्या थोडेसेच वर वाढते. वरच्या तीस सेंटिमीटर थराचा विचार करता आपल्या बागेत ही वाढ सत्तर लिटरच्या आसपास भरेल. हा लाभ टाकाऊ नाही, पण चमत्कारही नाही. शेणखताचा खरा उपयोग निराळा आहे : त्याने मातीचे कण रवाळ होतात, पृष्ठभागावर पापुद्रा धरत नाही, आणि दिलेले पाणी वाहून न जाता आत मुरते.

४. रोजची झारी आणि आठवड्याचे पाणी

दररोज सायंकाळी झारी घेऊन वाफ्यांवरून थोडेथोडे पाणी शिंपडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. वरवर पाहता ती मितव्ययी वाटते. प्रत्यक्षात पाण्याचा सर्वाधिक नाश तीतच होतो. याचे कारण उघड्या जमिनीवरील बाष्पीभवन दोन अवस्थांत होते, हे आहे.

पृष्ठभाग ओला असतो तोवर बाष्पीभवन पूर्ण वेगाने चालते. त्याचा वेग हवा व ऊन ठरवितात. ही पहिली अवस्था होय. वरचा थर सुकला, की खालचे पाणी वर येण्यास विलंब लागू लागतो आणि वेग झपाट्याने घटतो. आता तो वेग जमीन ठरविते. ही दुसरी अवस्था. टेक्सासमध्ये रिची यांनी १९७२ मध्ये या दोन अवस्थांचे एक सोपे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी ज्या जमिनींची मूल्ये दिली त्यांत ‘ह्यूस्टन ब्लॅक’ नावाची काळी चिकण जमीनही आहे. ती आपल्या रेगुर जमिनीप्रमाणेच उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात फुगणारी असल्याने तिचे आकडे आपल्या विचारास साहाय्यभूत ठरतात. या जमिनीत पहिल्या अवस्थेत सुमारे ६ मिलिमीटर पाणी उडते. पुढे दुसऱ्या अवस्थेतील एकूण व्यय हा लोटलेल्या दिवसांच्या वर्गमुळास ३.५ ने गुणले असता मिळतो.

आता चार चौरस मीटरचा वांग्याचा एक वाफा घेऊ. त्याचा अर्धा भाग पानांनी झाकलेला व अर्धा उघडा आहे असे समजू. दिवसाचा व्यय सहा मिलिमीटर आहे. रोज २४ लिटर पाणी संपूर्ण वाफ्यावर शिंपडले, तर उघडी जमीन रोज पहिल्याच अवस्थेत राहते आणि तिच्यावर पडलेले सर्व पाणी दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळपर्यंत उडून जाते. म्हणजे २४ पैकी १२ लिटर झाडाला मिळतच नाहीत. बारा दिवसांत या रीतीने २८८ लिटर पाणी खर्ची पडते.

त्याऐवजी एकाच वेळी ४८ मिलिमीटर, म्हणजे १९२ लिटर पाणी सावकाश देऊन जमीन सत्तर सेंटिमीटरपर्यंत भिजविली, तर काय होईल? उघड्या भागातून पहिल्या दिवशी ६ मिलिमीटर उडतील, आणि पुढील अकरा दिवसांत मिळून सुमारे साडेअकरा. संपूर्ण वाफ्यावर सरासरी काढता हे पावणेनऊ मिलिमीटर होतात. झाकलेल्या भागातील बाष्पोत्सर्जन बारा दिवसांत सरासरीने ३६ मिलिमीटर होईल. बेरीज ४५ मिलिमीटरच्या आत राहते. याचा अर्थ असा, की तेच झाड, त्याच उन्हात, २८८ ऐवजी १९२ लिटर पाण्यात बारा दिवस राहू शकते. एक-तृतीयांश पाणी केवळ पाळी बदलल्याने वाचले. झाडाची गरज तिळमात्र कमी केलेली नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

हे आकडे दिशादर्शक आहेत. जमीन, पाने आणि ऊन यांप्रमाणे ते बदलतील. विशेषतः मुरमाड जमिनीत एवढे पाणी एका वेळी मावणार नाही, तेथे निम्मे पाणी निम्म्या अंतराने द्यावे लागेल. नवी रोपे मूळ धरीपर्यंत त्यांस वारंवार पाणी द्यावे लागते, हाही अपवाद आहे. पाळी आली की नाही हे ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. खुरपीने वीतभर खोलीची माती काढून मुठीत दाबावी. तिचा लाडू वळून तळहातावर टिकला, तर पाण्याची घाई नाही. तो फुटला व माती विखुरली, तर पाणी द्यावे. मुरमाड मातीचा लाडू ओल असतानाही वळत नाही, तेथे बोटांना लागणाऱ्या गारव्यावरून अंदाज घ्यावा लागतो. दुपारी पाने मलूल दिसणे ही पाण्याची खूण नव्हे, कारण कडक उन्हात ओल्या जमिनीतील झाडेही मान टाकतात. सकाळी पाने मलूल दिसली, तर मात्र पाणी देण्यास उशीर झाला असे समजावे.

५. आच्छादन आणि कोळपणी

उरलेल्या बाष्पीभवनावर उपाय म्हणजे जमीन झाकणे. उसाचे पाचट, वाळलेला पाला, गव्हाचा भुसा यांचा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर उघड्या मातीवर पसरला असता ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही व वाऱ्याचा स्पर्श होत नाही; म्हणजे पहिल्या अवस्थेस लागणारी ऊर्जाच तोडली जाते. जमिनीच्या पृष्ठभागाचे महत्त्व दाखविणारे एक जुने संशोधन पुण्यातच झाले आहे. हवामान खात्याचा कृषिहवामान विभाग येथे १९३२ मध्ये स्थापन झाला व त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे होती. रामदास व त्यांचे सहकारी द्रविड यांनी काळ्या जमिनीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून मातीच्या तापमानाची मोजमापे घेतली, तेव्हा एवढ्याशा बदलाने माती खोलवर थंड राहते असे दिसून आले. काळी जमीन ऊन शोषून घेते. पांढरा पृष्ठभाग ते परतवितो. वाळलेल्या पाचटाचा फिकट थर सावली आणि परावर्तन ही दोन्ही कामे करतो.

‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ अशी म्हण शेतकऱ्यांत रूढ आहे. तिचे स्पष्टीकरण पूर्वी असे केले जाई, की कोळपणीने मातीतील केशनलिका तुटतात व खालचे पाणी वर येणे थांबते. कॅलिफोर्नियातील फळबागांत व्हीमायर यांनी केलेल्या व १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी या समजुतीस धक्का दिला. तण नसलेल्या जमिनीत मशागतीने ओल विशेष टिकत नाही. लाभ होतो तो मुख्यतः तण काढल्यामुळे, कारण तण हेही पाणी उडविणारे झाडच होय, असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसले. मग आपली म्हण खोटी ठरते काय? तसे नाही. एक तर तिच्यात तणाचा नाश अंतर्भूत आहेच. दुसरे असे, की आपल्या काळ्या जमिनीस सुकताना भेगा पडतात, आणि त्या भेगांच्या भिंतींमधून खोलवरचे पाणी हवेत जाते. कोळपणीने सुटी झालेली माती या भेगा बुजविते. तात्पर्य, म्हणीतील निरीक्षण खरे आहे. तिचे स्पष्टीकरण तेवढे बदलले पाहिजे. परसबागेत खुरपी हेच काम करते.

६. वाऱ्याची आडकाठी

वर वापरलेले व्ययाचे आकडे विस्तीर्ण हिरव्या क्षेत्राला उद्देशून आहेत. परसबाग मात्र तापलेल्या अंगणाच्या, भिंतींच्या व पत्र्यांच्या मध्ये एखाद्या मरूद्यानासारखी असते. सभोवारची उष्ण व कोरडी हवा तिच्यावरून वाहते, आणि सूर्यापासून प्रत्यक्ष मिळणाऱ्या उष्णतेत या आगंतुक उष्णतेची भर पडते. त्यामुळे चौरस मीटरमागे लहान बागेचा व्यय मोठ्या शेताहून अधिक असतो. दोरीवर एकटे वाळत घातलेले लुगडे ढिगातल्या कपड्यांपेक्षा लवकर वाळते, त्याचे कारणही हेच आहे.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. झाडे सुटी सुटी न लावता जवळजवळ, एका चौकोनात लावावीत. वाऱ्याच्या दिशेस, म्हणजे उन्हाळ्यात बहुधा पश्चिमेस, शेवगा, हादगा किंवा तुरीची ओळ ठेवावी. भिंतीने वारा उसळून पलीकडे खाली येतो, विरळ झाडोरा तो गाळून घेतो. आणि दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन अडेल अशी विरळ सावली भाजीवर असावी. सावलीने फलधारणा काहीशी कमी होते हे खरे. पण एप्रिल-मेमध्ये भाजीस मिळणारे ऊन तिच्या उपयोगापेक्षा अधिक असते, म्हणून हा सौदा फायद्याचा ठरतो.

७. पाणी मुळाशी नेण्याच्या रीती

आळे, सरी, ठिबक आणि पुरलेले मडके या सर्व रीतींचे तत्त्व एकच : ओला पृष्ठभाग लहान ठेवणे आणि ओली खोली वाढविणे. झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू न देता पानांच्या घेराखाली आळे केले, तर पाणी देण्याची जागा व मुळांची जागा एक होते. ठिबकामुळे महाराष्ट्रातील फळबागांचे रूप पालटले. परंतु ठिबक रोज थोडे पाणी देत असूनही झारीप्रमाणे अपव्यय करीत नाही, याचे कारण त्याने भिजणारा पृष्ठभाग अत्यंत लहान असतो. नळीवर पाचट पसरले, तर तोही झाकला जातो.

पुरलेल्या मडक्याची रीत सर्वांत साधी असून तिची उपपत्ती सर्वांत मनोरंजक आहे. चीनमध्ये इ. स. पूर्व पहिल्या शतकातील फान शेंगझी यांच्या कृषिविषयक ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. भारतात करनाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत मंडल यांनी १९७० नंतरच्या दशकात तिचा पद्धतशीर अभ्यास केला. झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरावयाचे, पाण्याने भरावयाचे व तोंड झाकावयाचे. त्याभोवती दुधी, दोडका, काकडी यांच्या बिया टोकावयाच्या. सभोवारची माती सुकली, की तिचे शोषण वाढते व मडक्याच्या भिंतीतून अधिक पाणी झिरपते. माती ओली झाली, की झिरपणे मंदावते. म्हणजे पाण्याची पाळी माणसाऐवजी माती ठरविते. वराहमिहिराच्या नियमाचा तिसरा भाग येथे जणू कुंभाराने सिद्ध केला आहे. पृष्ठभाग कोरडा राहत असल्याने तणही थोडे होते. मात्र गाळाने मडक्याची छिद्रे बुजतात, म्हणून दर हंगामास ते काढून घासावे लागते.

८. मोरीचे पाणी

या सर्व उपायांनी बागेचे १२० लिटर एक-तृतीयांशाने कमी होऊन ८० लिटरच्या आसपास येतील असे धरू. ते कोठून आणावयाचे? पाच माणसांच्या २७५ लिटरपैकी निम्मे पाणी जरी स्नानाचे व भांड्यांचे मानले, तरी ते १३५ लिटरहून अधिक भरते. तेव्हा बागेला ताज्या पाण्याची गरजच उरत नाही. एकदा वापरलेले पाणी पुरेसे होते. केळी व अळू मोरीजवळ लावणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हेच केले होते.

परंतु त्यांच्या मोरीतील पाणी आणि आजचे पाणी एक नव्हे. राख व शिकेकाई यांची जागा साबण आणि धुण्याच्या पावडरीने घेतली आहे, आणि त्यांत सोडियम असतो. चिकण मातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसू लागला, की कण विलग होऊन फुगतात, छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. काळ्या जमिनीत हा धोका विशेष असतो. पाणी वाचविण्याच्या प्रयत्नात जमिनीचा हौदच निकामी व्हावयाचा! म्हणून पावडरीने कपडे धुतलेले पहिले पाणी बागेस देऊ नये. स्नानाचे व भाज्या-धान्य धुतल्याचे पाणी द्यावे. एकाच वाफ्यावर ते सतत न सोडता वाफे आलटून पालटून घ्यावेत. पावसाळ्याचे पाणी क्षार खाली वाहून नेते, त्यासाठी निचरा मोकळा ठेवावा. माती चिकट व पापुद्र्याची दिसू लागल्यास जिप्सम घालावा, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवितो.

आरोग्याच्या दृष्टीनेही काही बंधने आहेत. हे पाणी एक दिवसाहून अधिक साठवू नये, नाहीतर ते नासते व डास होतात. ते पानांवर शिंपडू नये, आच्छादनाखाली मातीत सोडावे. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. केळी, शेवगा, वांगी, दुधी यांना द्यावे. पालकाचा लहान वाफा ताज्या पाण्यावर ठेवला, तरी चार चौरस मीटरपेक्षा तो मोठा नसावा.

९. निष्कर्ष

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दुष्काळात परसबाग ठेवणे हा अपराध आहे काय? रोजच्या झारीने, उघड्या जमिनीवर, पिण्याच्या पाण्याने ती ठेवली, तर वीस चौरस मीटरची बाग दोन माणसांच्या वाट्याचे पाणी घेते, आणि त्यातील मोठा भाग हवेत जातो. तीच बाग वाफशाच्या हिशेबाने, आच्छादनाखाली व मोरीच्या पाण्यावर ठेवली, तर ती कोणाच्याही वाट्याचे पाणी घेत नाही. उलट जे पाणी गटारात गेले असते त्याची भाजी करते. दोन्ही बागांतील झाडे एकच आहेत. फरक केवळ माणसाच्या रीतीत आहे.

ज्या घरात पाणी दूरवरून डोक्यावर आणावे लागते, तेथे हा फरक पाणी आणणाऱ्या बाईच्या दररोजच्या चार-पाच खेपांचा असतो, हे विसरता कामा नये. वाचलेले चाळीस लिटर म्हणजे तिच्या खांद्यांवरून उतरलेले चाळीस किलो वजन होय.

अभ्यासकांच्या दृष्टीने परसबाग ही एक सोयीची प्रयोगशाळाही आहे. एकाच जमिनीचे चार वाफे, दोन पाळ्या, दोहोंपैकी एकेक वाफा आच्छादित व एकेक उघडा; प्रत्येकास दिलेले पाणी मापून, वीतभर व हातभर खोलीची माती वजन करून व वाळवून पुन्हा वजन करून, एका उन्हाळ्यात कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यास वरील प्रत्येक विधान आपल्या गावच्या मातीवर तपासून पाहता येईल. त्यासाठी तराजू, भट्टी आणि चिकाटी यांवाचून अन्य साधनांची आवश्यकता नाही. प्रत्येक जमिनीचा वाफसा निराळा असल्याने हा हिशेब ज्या त्या मातीवरच पुरा व्हावयाचा असतो.